निसटत्या विजयाची कमाई

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपला संघ एका-दोन गुणांनी जिंकून परतला की काय घडते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रवेशद्वाराशी ढोल वाजतात, प्राचार्य हार घालतात, गुलाल उधळला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘थरारक’, ‘रोमहर्षक’ ही ठरलेली विशेषणे मिरवीत चार ओळींची बातमी येते. तेथे विषय मिटतो. हाच सामना तेवढ्याच एका गुणाने गमावला असता तर? कोण चुकला, कोणी चेंडू दिला नाही, अमक्याला बाहेर का बसवले, याची चर्चा आठवडाभर वसतिगृहात आणि कट्ट्यावर रंगली असती. खेळ तोच, चुका त्याच, अंतरही तेच एका गुणाचे. पण एका निकालाची उलटतपासणी होते आणि दुसऱ्याची आरती. निसटता विजय मिळवणारा संघ आपली कमाई घालवून बसतो तो मैदानावर नव्हे, तर या दुसऱ्या दिवशी.

जय आणि पराजय समान मानावेत, ही गीतेची शिकवण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी असते. तिचा अर्थ बहुधा ‘हरलो तरी खचू नये’ एवढाच घेतला जातो. समत्वाचा हा अर्धाच अर्थ झाला. पराजयाकडे आपण ज्या कठोर दृष्टीने पाहतो त्याच दृष्टीने जयाकडेही पाहता आले पाहिजे, हा उरलेला अर्धा अर्थ आपण सोयीस्करपणे विसरतो. तो आचरणात आणण्याची संधी निसटता विजय जितकी देतो, तितकी दुसरे काहीही देत नाही. पराभवाने मन पोळलेले असते. तेव्हा मनुष्य चुका शोधतो खरा, पण दुसऱ्याच्या. तीस गुणांच्या विजयात तर चूक दिसतच नाही. एका गुणाने जिंकलेल्या संघापाशी मात्र चुकांची सगळी सामग्री हाताशी असते आणि त्या निवांतपणे पाहण्याइतके मनाचे स्वास्थ्यही असते. पराभवाचे ज्ञान पराभवाची किंमत न मोजता मिळावे, असा हा दुर्मिळ योग आहे.

बास्केटबॉलमध्ये हे विशेष स्पष्ट दिसते, कारण या खेळाची घडणच तशी आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुषांचा सामना चाळीस मिनिटांचा. त्यातली पहिली अडतीस मिनिटे भराभर सरतात आणि अखेरची दोन मिनिटे संपता संपत नाहीत. फाऊल होतात, खेळ थांबतो, प्रशिक्षक वेळ मागून घेतात. या दोन मिनिटांत कोणाचे हात थरथरतात, कोण चेंडू मागतो आणि कोण चेंडू आपल्याकडे येऊ नये म्हणून कोपऱ्यात सरकतो, हे त्या दिवसापर्यंत खुद्द खेळाडूलाही ठाऊक नसते.

(हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे वायएमसीए या ख्रिस्ती संघटनेच्या प्रशिक्षण संस्थेत जन्माला घातला. आपल्याकडे तो रुजवण्यात त्याच संघटनेचे मद्रासचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय अग्रभागी होते. ते १९२० चे. शरीरसाधनेचा उपयोग धर्मकार्यासाठी करण्याची दूरदृष्टी त्या मंडळींपाशी होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आखाडे आणि तालमींची परंपरा असलेल्या आपल्या समाजाने त्यांचा हेतू बाजूला ठेवून त्यांचा खेळ घेतला, हेही योग्यच झाले. असो.)

निसटता विजय एखाद्या महाविद्यालयीन संघाला काय काय देऊ शकतो, याचा धडा पाहायचा तर १९८३ च्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संघाकडे पाहावे. रॅले या गावचे हे विद्यापीठ. प्रशिक्षक जिम वॅल्व्हानो, वय अवघे सदतीस. त्या हंगामात संघाने तब्बल दहा सामने गमावले. डेरेक व्हिटनबर्ग हा बिनीचा खेळाडू जानेवारीत पायाचे हाड मोडून बाहेर बसला आणि काही आठवडे तसाच बसून राहिला. मार्च उजाडला तेव्हा परिस्थिती अशी होती की, आपल्या विभागाची, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची, स्पर्धा जिंकल्याशिवाय राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडण्याची आशा धरवत नव्हती. त्या विभागात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा संघ होता, ज्यातून मायकेल जॉर्डन खेळत असे. आणि व्हर्जिनियाचा संघ होता, ज्यात सात फुटांहून उंच राल्फ सॅम्पसन होता.

पुढे जे घडले त्याचे आकडेच पुरेसे बोलके आहेत. वेक फॉरेस्टवर ७१-७०. नॉर्थ कॅरोलिनावर जादा वेळेत ९१-८४. व्हर्जिनियावर ८१-७८. विभाग जिंकून संघ राष्ट्रीय स्पर्धेत आला, तर पहिल्याच फेरीत पेपरडाइनविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळून ६९-६७. नंतर नेवाडा-लास व्हेगासवर ७१-७०. युटावर मात्र ७५-५६ असा सुखाचा विजय. मग पुन्हा व्हर्जिनिया, ६३-६२. उपांत्य सामन्यात जॉर्जियावर ६७-६०. आणि ४ एप्रिल १९८३ रोजी अल्बुकर्की येथे अंतिम सामन्यात ह्यूस्टनवर ५४-५२. ओळीने नऊ विजय. त्यांपैकी पाच एका किंवा दोन गुणांचे. हरल्यास घरी जावे लागेल अशीच त्यातली प्रत्येक लढत होती.

या पाच सामन्यांतून संघाने जे मिळवले त्यातली पहिली गोष्ट म्हणजे एक निश्चित कार्यपद्धती. राष्ट्रीय स्पर्धेत तेव्हा चेंडू किती वेळ हाती ठेवावा यावर बंधन नव्हते. पंचेचाळीस सेकंदांचे घड्याळ महाविद्यालयीन खेळात आले ते १९८५-८६ च्या हंगामापासून. त्यामुळे आघाडीवरचा संघ चेंडू इकडून तिकडे फिरवत वेळ काढू शके. पिछाडीवरच्या संघाने करावे काय? वॅल्व्हानोंचे उत्तर असे: मुद्दाम फाऊल करा. ठरावीक फाऊल झाल्यावर प्रतिस्पर्ध्याला जो फ्री थ्रो मिळतो तो सशर्त असतो. पहिला चेंडू जाळीतून गेला तरच दुसरा फेकता येतो. पहिला चुकला की चेंडू खेळात आला. सरावात डोळे मिटून बास्केट करणारा मुलगा हजारो लोकांच्या गलक्यात, एकटा रेषेवर उभा राहून तेच करील की नाही, यावर लावलेली ही पैज होती. पेपरडाइनविरुद्ध पहिल्या जादा वेळेत पराभव अगदी समोर दिसत असताना ती पैज जिंकली गेली. फ्री थ्रोसाठी नावाजलेला त्यांचा खेळाडू मोक्याच्या क्षणी चुकला आणि कोझेल मॅक्वीनने बरोबरी साधली. वरवर पाहता हा जुगार वाटेल. पण एकदा, दोनदा, तीनदा तोच प्रसंग निभावल्यावर मुलांच्या मनात जी खात्री बसली तिचे मोल मोठे होते. सहा गुणांनी मागे असताना कोणी घड्याळाकडे पाहून हताश होईना. पुढे काय करायचे हे पाचही जणांना ठाऊक होते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. लास व्हेगासच्या संघाविरुद्ध मोठी पिछाडी भरून काढल्यावर अखेरचे बास्केट केले ते थर्ल बेलीने. व्हर्जिनियाविरुद्ध शेवटचे दोन फ्री थ्रो टाकले लॉरेन्झो चार्ल्सने, जो त्या वेळी दुसऱ्या वर्षात शिकत होता. संघाचे नाव होते ते व्हिटनबर्ग, सिडनी लो आणि बेली या अखेरच्या वर्षातल्या त्रयीवर. पण निर्णायक क्षण वेगवेगळ्या हातांत गेले आणि त्या हातांनी ते सांभाळले. एकतर्फी विजयात मोठा खेळाडू अधिक मोठा होतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. निसटत्या विजयात मागच्या रांगेतल्या कोणाला तरी पुढे यावेच लागते. आणि तो एकदा पुढे आला की त्याच्याविषयी इतरांच्या मनात असलेली शंका कायमची फिटते. संघटनेत काम केलेल्यांना हे निराळे सांगायला नको. शिबिरात अवघड वेळी कोण उपयोगी पडला, हे ज्यांनी पाहिलेले असते ते पुढे त्याच्यावर निर्धास्तपणे काम सोपवतात.

आता समोरचा ह्यूस्टनचा संघ पाहा. ओळीने सव्वीस सामने जिंकून तो अंतिम फेरीत आला होता. हकीम ओलाजुवॉन आणि क्लाईड ड्रेक्सलर असे दोन खेळाडू त्यात होते की, पुढे व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासात दोघांचीही नावे कोरली गेली. राष्ट्रीय स्पर्धेतला त्यांचा एकही विजय एका-दोन गुणांचा नव्हता. उपांत्य सामन्यात तर त्यांनी लुईव्हिलला ९४-८१ असे धुऊन काढले होते. अंतिम सामन्यात मध्यंतराला ते मागे होते, पण उत्तरार्धात त्यांनी झंझावात केला आणि ४२-३५ अशी आघाडी घेतली. येथे त्यांच्या प्रशिक्षकांनी वेग आवरता घ्यायला सांगितले. ज्या वेगावर हा संघ उभा होता तोच सोडून तो वेळ काढू लागला, म्हणजे नेमका नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या अंगणात येऊन खेळू लागला. फाऊल झाले, फ्री थ्रो चुकले, गुण ५२-५२ असे बरोबरीत आले. अवघड वेळ त्यांच्यावर महिनाभरात आलीच नव्हती; आली ती थेट शेवटच्या दिवशी.

मराठी माणसाला येथे उदगीर आठवल्याशिवाय राहणार नाही. १७६० च्या फेब्रुवारीत निजामावर मिळालेला तो निर्णायक विजय आणि त्यानंतर वर्षभरात पानिपत. उदगीरच्या यशाचा पानिपतच्या निर्णयांवर किती प्रभाव होता, यावर अभ्यासकांनी वाद घालावा. परंतु सोपा विजय आपल्याच शक्तीविषयी आपल्याला काय काय सांगू लागतो, याचा विचार करताना ही दोन नावे शेजारी-शेजारी येतात हे खरे. खेळात त्याची किंमत एक चषक असते, राष्ट्राला ती एका पिढीने चुकवावी लागते.

अंतिम सामन्याचा शेवट सर्वश्रुत आहे. व्हिटनबर्गने दुरून फेकलेला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. खाली उभ्या असलेल्या चार्ल्सने तो हवेतच धरला आणि वेळ संपता संपता दोन्ही हातांनी रिंगमध्ये कोंबला. मी फेक चुकलो नव्हतो, चार्ल्सला पासच दिला होता, अशी थट्टा व्हिटनबर्ग नंतर वर्षानुवर्षे करत आला.

मग याला दैव म्हणायचे नाही तर काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन संघभावनेची स्तोत्रे गाणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. एका गुणाच्या विजयात दैवाचा वाटा मोठा असतोच. तो चेंडू वीतभर पुढे गेला असता तर रिंगवर आदळून कोठेही उडाला असता. आकडेवारीच्या अभ्यासकांनीही या प्रांतात बरीच खटपट केली आहे. जोना बर्गर आणि डेव्हिन पोप यांनी बास्केटबॉलच्या हजारो सामन्यांचा हिशेब मांडून २०११ मध्ये असे प्रतिपादन केले की, मध्यंतराला किंचित मागे असलेला संघ अपेक्षेपेक्षा अधिक वेळा जिंकतो. थोडक्या पिछाडीने जिद्द वाढते. पुढे इतर खेळांत पडताळा घेतला गेला तेव्हा तसा नियम आढळला नाही. तेव्हा ‘चुरशीचा सामना खेळला की संघ आपोआप घडतो’ असा सिद्धान्त मांडण्याच्या फंदात कोणी पडू नये. आपोआप काहीच घडत नाही. दैवाने हाती दिलेल्या दिवसाचे आपण काय केले, एवढाच भाग आपल्या हातात असतो. आणि पेपरडाइनच्या सामन्यापासून ह्यूस्टनच्या सामन्यापर्यंतच्या त्या अडीच-तीन आठवड्यांत या मुलांनी त्याचे बरेच काही केले.

पण या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही, आणि आपल्याला विशेष उपयोगी आहे तो तोच. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, या विजेत्यांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळाला नाही. कारण साधे आहे. व्हिटनबर्ग, लो आणि बेली हे तिघेही शिक्षण संपवून बाहेर पडले होते. निसटत्या विजयांची सगळी कमाई त्यांच्या अंगी होती, ती त्यांच्याबरोबर गेली. पुढे काही वर्षांनी विद्यापीठाच्या बास्केटबॉल विभागावर आरोप झाले. खेळाडूंनी मिळालेले बूट आणि तिकिटे विकल्याचे चौकशीत आढळले, त्यांच्या अभ्यासाकडे झालेल्या दुर्लक्षाचा बोभाटा झाला, संघावर १९९० च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यास बंदी आली आणि त्याच वर्षी वॅल्व्हानोंना पद सोडावे लागले. स्वतः वॅल्व्हानोंवर त्या चौकशीत वैयक्तिक ठपका नव्हता, हे नमूद केले पाहिजे. १९९३ मध्ये कर्करोगाने ते गेले तेव्हा सारा देश हळहळला. परंतु ज्या कसोटीच्या दृष्टीने शेवटची दोन मिनिटे पाहिली जात होती, ती दृष्टी त्या मोठ्या विजयानंतर विद्यापीठाने आपल्या घरातल्या कारभाराकडे वळवली नाही, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. चषक कपाटात आला आणि चौकशी करण्याची कोणाला गरज वाटेनाशी झाली.

चाळीस वर्षांनंतर त्याच विद्यापीठात तोच खेळ पुन्हा रंगला. २०२४ च्या मार्चमध्ये संघ हंगामातले शेवटचे चार सामने हरून विभागीय स्पर्धेत उतरला होता. तेथे पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे होते. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाच्या खेळाडूचा फ्री थ्रो चुकला, मायकेल ओ’कॉनेलने भोंगा वाजता वाजता दुरून फेकलेला चेंडू फळीवर आपटून जाळीत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत सामना ७३-६५ असा खिशात आला. दुसऱ्या दिवशी विभागाचे विजेतेपद. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेत थेट अंतिम चार संघांत मजल. अन् पुढच्या हंगामात? बारा विजय, एकोणीस पराभव, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच प्रशिक्षकाची गच्छंती. पुन्हा तेच: बिनीची मुले निघून गेली होती.

महाविद्यालयीन संघाचे हे मूळ दुखणे आहे आणि ते रॅलेइतकेच नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथेही आहे. व्यावसायिक संघ दहा वर्षे एकत्र राहू शकतो. महाविद्यालयाचा संघ म्हणजे वाहते पाणी. तीन-चार वर्षांत मुलगा येतो, घडतो आणि नोकरीच्या मागे लागतो. आपल्याकडे तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, निवड चाचणी, थोड्या दिवसांचे शिबिर, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, असा घाईघाईचा प्रवास असतो. २०२० पासून ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. साधनांचा प्रश्न हलू लागला आहे, हे स्वागतार्हच. पण मागच्या वर्षीच्या संघाला एका गुणाच्या विजयाने काय शिकवले, ते यंदाच्या संघाला कोण सांगणार?

ज्यांनी संघस्थानावर कबड्डी खेळली आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. तेथे तरुण हा किशोरांना आणि किशोर बालांना शिकवतो. शिक्षक बदलतो, रीत टिकते. कबड्डीचेच ताजे उदाहरण घ्या. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या महिला अंतिम सामना इराणकडून २४-२७ असा हरल्या. २०२३ मध्ये हांगझोऊला गटातल्या पहिल्याच सामन्यात चिनी तैपेईने त्यांना ३४-३४ असे बरोबरीत रोखले. पाच दिवसांनी सुवर्णपदकासाठी तोच संघ समोर आला आणि भारताने २६-२५ असा सामना जिंकला. एका गुणाने! देशभर आनंद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्या २५ गुणांचा हिशेब आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या किती प्रशिक्षकांनी मुलींना फळ्यावर मांडून दाखवला असेल?

करायला हवे ते खर्चाचे नाही. सामना एका-दोन गुणांनी जिंकला की गुलाल धुऊन झाल्यावर, दोन दिवसांच्या आत, संघाने एकत्र बसावे. विषय एकच: शेवटची पाच मिनिटे. सामना आपण हरलो आहोत असे गृहीत धरून बोलावे. चेंडू कोणाच्या हाती होता, फाऊल कोठे झाला, फ्री थ्रो कोणी चुकवला, कोणी मागितला नाही. बोलण्याचा आरंभ राखीव खेळाडूंनी करावा, कारण बाहेर बसून सामना त्यांनीच नीट पाहिलेला असतो, आणि कर्णधाराने शेवटी बोलावे. ‘पाच मिनिटे शिल्लक, एका गुणाने मागे’ असा फलक लावून आठवड्यातून एकदा तरी सराव व्हावा. आणि जे बोलले गेले ते एखाद्या मुलाने किंवा मुलीने एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. जूनमध्ये नवे खेळाडू येतील तेव्हा त्यांच्या हाती आधी ती वही द्यावी, गणवेश नंतर. दोनशे पानांची वही चार-पाच वर्षे सहज पुरते. ती क्रीडा विभागप्रमुखांच्या कुलूपबंद कपाटात, चषकांच्या शेजारी ठेवू नये. चेंडूंच्या पेटीत ठेवावी.